बिघाड कोणत्या टप्प्यावर? : ॲनिमे डीव्हीडी संचांची पारख

२००७च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या दुकानांत नारिंगी रंगाचा एक जाडजूड खोका आला. ‘ड्रॅगन बॉल झेड’ या जपानी मालिकेचे पहिले ३९ भाग, सहा तबकड्या आणि किंमत आटोक्यातली. फ्युनिमेशन कंपनीची जाहिरात अशी होती की चित्र मूळ फिल्मवरून नव्याने घेतले आहे, डिजिटल यंत्रणेने स्वच्छ केले आहे आणि आता ते रुंद टीव्हीवर काठोकाठ दिसेल. संच भरपूर खपला. चाहत्यांनी त्याला ‘नारिंगी वीट’ असे नाव ठेवले आणि वादही सुरू झाला.

ही मालिका जपानमध्ये १९८९ ते १९९६ या काळात २९१ भागांत प्रसारित झाली. तेव्हाचे टीव्ही चौकोनी होते, त्यामुळे तिचे प्रत्येक चित्र ४:३ या प्रमाणात आखलेले होते. ते १६:९च्या रुंद पडद्यावर काठोकाठ बसवायचे तर वरचा आणि खालचा भाग कापावा लागतो आणि उंचीचा चौथा हिस्सा जातो. कंपनीने एरवी झाकला जाणारा फिल्मच्या बाजूंचा थोडा भाग उघडा करून काही भरपाई केली. पण नायक गोकूचे उभे केस आणि झुंजीतले पायांचे पवित्रे पुष्कळ ठिकाणी चौकटीबाहेर गेले ते गेलेच. शिवाय फिल्मचे दाणे पुसण्याच्या भरात चित्राचा बारकावाही पुसला गेला होता.

पावणेतीन वर्षांनी, २००९च्या नोव्हेंबरमध्ये, याच कंपनीने याच मालिकेचा दुसरा संच आणला. ‘ड्रॅगन बॉक्स’ या नावाने हे रूप जपानमध्ये २००३ साली दोन मोठ्या पेट्यांत निघाले होते. तिथे एकेका पेटीची किंमत सुमारे एक लाख येन होती. त्यात चौकट पूर्ण होती, दाणे जागच्या जागी होते आणि रंग सौम्य होते. एका मालिकेची, एकाच कंपनीने विकलेली दोन रूपे शेजारी शेजारी लावून पाहण्याची दुर्मीळ सोय त्यामुळे झाली. नारिंगी खोक्यातले चित्र पहिल्या नजरेला अधिक स्वच्छ आणि भडक वाटते. ड्रॅगन बॉक्समधले चित्र दहा मिनिटांनंतर अधिक खरे वाटू लागते. या फरकाचे कारण शोधायचे तर चित्र कागदापासून तबकडीपर्यंत कसे पोचते ते पाहावे लागते.

चित्राचा प्रवास

जुन्या ॲनिमेचे चित्र चार हातांतून जाते. पहिला हात चित्रकाराचा. कागदावरचे रेखाटन ‘सेल’ नावाच्या पारदर्शक पटलावर उतरवतात, पटलाच्या मागच्या बाजूने रंग भरतात आणि ते रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवतात. दुसरा हात कॅमेऱ्याचा. वरून रोखलेला कॅमेरा एकेक चित्र फिल्मवर टिपतो. चित्रपटासाठी ही फिल्म बहुधा ३५ मिमी असे, टीव्ही मालिकांसाठी स्वस्तातली १६ मिमी. तिसरा हात प्रयोगशाळेचा. टेलिसिने यंत्रातून फिल्म फिरवून चित्र व्हिडिओ टेपवर उतरवले जाते आणि त्याच वेळी त्याचे रंग ठरतात. चौथा हात तबकडी बनवणाऱ्याचा. तो टेपवरचा प्रचंड मजकूर एमपेग-२ पद्धतीने दाबून डीव्हीडीत बसवतो.

दोष यांपैकी कुठल्याही टप्प्यावर शिरतो आणि प्रत्येक टप्प्याचे दोष वेगळ्या खुणा सोडतात. जाणकार संग्राहक ‘चित्र छान आहे का’ एवढ्यावर थांबत नाही. जे दिसते आहे ते कुणाच्या हातचे, हे तो पाहतो. चित्रकाराचे आणि कॅमेऱ्याचे जे आहे ते त्या कलाकृतीचे अंग आहे आणि संचात ते टिकलेच पाहिजे. प्रयोगशाळेने किंवा तबकडीने पदरची घातलेली भर मात्र संच तयार करणाऱ्याच्या खाती जमा होते.

टेबलावरच्या खुणा

तेझुका ओसामू यांच्या ‘तेत्सुवान ॲटम’ने १ जानेवारी १९६३ रोजी जपानी टीव्हीवर साप्ताहिक ॲनिमेचे युग सुरू केले, ते काटकसरीच्या बळावर. फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते, पण प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढणे परवडत नसे. एकच चित्र सलग तीन चौकटी दाखवले की सेकंदाला आठ चित्रांत भागते. त्यामुळे हालचाल थोडी अडखळत होत असेल तर दोष तबकडीचा नसतो. ती त्या काळच्या कामाची चाल आहे.

सेलवर बसलेल्या धुळीचेही तसेच. ती चित्रासोबत कॅमेऱ्याखाली आलेली असते, म्हणून चित्र जितक्या चौकटी टिकते तितक्या चौकटी ती तिथेच दिसते. कधी पात्राबरोबर ती सरकतेसुद्धा. एकावर एक ठेवलेल्या सेलांची बारीक सावली पार्श्वभूमीवर पडते. पटले वाढली की खालचा रंग किंचित काळवंडतो आणि एकाच पात्राचा सदरा दोन दृश्यांत दोन छटांचा दिसतो. चांगल्या संचात या गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. त्या अजिबात दिसत नसतील तर त्यांच्याबरोबर आणखी काय काय पुसले गेले, अशी शंका घ्यायला जागा आहे.

फिल्मचे दाणे, फिल्मची थरथर

१६ मिमी फिल्मची चौकट जेमतेम दहा मिलिमीटर रुंद असते. ती मोठ्या पडद्यावर ताणली की फिल्मच्या रसायनातले दाणे सगळीकडे वळवळताना दिसतात. धुळीचा कणही मोठा होतो, पण ही धूळ एकाच चौकटीत चमकून जाते. तिचा रंगही बोलका असतो. निगेटिव्हवर बसलेला कण प्रकाश अडवतो म्हणून छापील प्रतीत पांढरा उमटतो आणि प्रतीवरच बसलेला कण काळा दिसतो. पांढरे ठिपके आणि काळे ठिपके यांवरून घाण केव्हा बसली याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी गोष्ट चौकटीच्या थरथरीची. कॅमेऱ्यात आणि पुढे टेलिसिनेत फिल्म दातेरी चाकांवरून सरकते. प्रत्येक चौकट केसभर इकडेतिकडे थांबते आणि सारे चित्र हलके डुलते. हलत्या दृश्यात हे लक्षात येत नाही. स्थिर दृश्यात मात्र ते लपत नाही, आणि ॲनिमेत स्थिर दृश्ये खूप असतात.

याचे सगळ्यांत बोलके उदाहरण म्हणजे ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’. दिग्दर्शक अन्नो हिदेआकी, निर्मिती गायनॅक्सची, प्रसारण ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, एकूण २६ भाग. या मालिकेत स्थिर चित्रांचा वापर विलक्षण धाडसाने केलेला आहे. बाविसाव्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या राहतात आणि जवळजवळ मिनिटभर पडद्यावर काहीच हलत नाही. चोविसाव्या भागात बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या साथीने एकच चित्र तसेच खिळवून ठेवले आहे. जुन्या तबकड्यांवर नेमक्या या जागी चित्र डुलत असे. दिग्दर्शकाने गोठवलेला क्षण यंत्राने हलता केला होता.

२००३ साली जपानमध्ये या मालिकेचा ‘रिन्यूअल’ संच आला. फिल्मवरून चित्र नव्याने घेतले होते, थरथर काढली होती, रंग पुन्हा जुळवले होते आणि आवाजाचे नवे ५.१ मिश्रण केले होते. अमेरिकेत एडीव्ही फिल्म्सने याच कामावर आधारलेली ‘प्लॅटिनम’ आवृत्ती २००४पासून आणली. तिच्यात लिफ्टचे दृश्य खरोखर स्थिर झाले. दाणे मात्र हलत राहिले. फिल्म चालू आहे, काळ पुढे सरकतो आहे, पण पात्रे बोलत नाहीत, हा त्या दृश्याचा ताण प्रेक्षकापर्यंत त्या दाण्यांमधूनच पोचतो. दाणे पुसले असते तर तिथे एक छायाचित्र उरले असते. थरथर यंत्राची होती म्हणून ती काढणे योग्य ठरले. दाणे फिल्मचे होते म्हणून ते ठेवणे योग्य ठरले.

नारिंगी खोका चुकला तो नेमका इथे. दाणे काढणारी संगणकीय गाळणी लागोपाठच्या चौकटींची तुलना करते आणि ज्याची पुनरावृत्ती होत नाही ते दोष समजून मिटवते. छायाचित्रित सिनेमात याने त्वचा मेणासारखी दिसते. रेखाचित्रांत हानी याहून मोठी होते. झपाट्याने फिरणारा हात एका चौकटीत इथे तर पुढच्या चौकटीत तिथे असतो, आणि त्याच्या बारीक काळ्या रेषेला गाळणी ओरखडा समजते. मग मारामारीच्या दृश्यात बोटांच्या, पापण्यांच्या रेषा मध्येच तुटतात. दृश्य थांबवून एकेक चौकट पुढे नेली की हे उघड होते. अमेरिकन जुन्या कार्टूनपटांच्या अनेक तबकड्याही याच कारणाने बदनाम झाल्या.

टेपवर काय घडले

फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, जपान आणि अमेरिकेतला एनटीएससी टीव्ही सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रांचा. हा मेळ घालण्यासाठी एक चौकट दोन अर्धचित्रांपुरती आणि पुढची तीन अर्धचित्रांपुरती दाखवतात. चांगली तबकडी आणि चांगला प्लेअर मिळून हा क्रम उलटा फिरवतात आणि मूळ २४ चौकटी परत मिळवतात. टेपवर संपादन करताना हा क्रम मध्येच तुटला असेल तर आडव्या सरकत्या दृश्यात कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. श्रेयनामावलीत असे बऱ्याचदा दिसते, कारण वर सरकणारी अक्षरे व्हिडिओच्या गतीने आणि मागचे चित्र फिल्मच्या गतीने चालते.

भारत आणि युरोपात पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी. तिथे दोन वाटा होत्या. फिल्म सरळ २५च्या वेगाने पळवली तर चित्र शाबूत राहते, पण २४ मिनिटांचा भाग २३ मिनिटांत संपतो आणि आवाज साधारण पाऊण अर्धस्वराने चढतो. दुसरी वाट म्हणजे एनटीएससी टेपचेच पालमध्ये रूपांतर करणे. त्यात लागोपाठच्या दोन चौकटी एकमेकींत मिसळतात. चित्र थांबवले की धावणाऱ्या पात्राला दोन फिकट पाय जास्तीचे दिसतात. हे भूत नंतर कुठल्याही उपायाने नीट उतरत नाही.

आणखी एक खूण म्हणजे इंद्रधनुषी झिलई. प्रकाश आणि रंग एकाच संकेतात मिसळून साठवणाऱ्या जुन्या टेपा वापरल्या की, काळ्या रेषा दाट असलेल्या जागी, उदाहरणार्थ केसांच्या बटांवर किंवा खिडकीच्या जाळीवर, हिरव्या-जांभळ्या छटा नाचतात. चित्रकाराने तिथे फक्त काळी शाई वापरलेली असते. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी मालिकांच्या पहिल्या डीव्हीडींवर ही झिलई आहे. तीच मालिका फिल्मवरून पुन्हा घेतली की ती मुळापासून नाहीशी होते.

रंगांचा प्रश्न जास्त नाजूक असतो, कारण मूळ रंग कोणता याचा पुरावा हाताशी नसतो. २००२च्या जुलैमध्ये मियाझाकी हायाओ यांचा ‘स्पिरिटेड अवे’ जपानमध्ये डीव्हीडीवर आला तेव्हा सगळ्या चित्रपटावर तांबूस झाक होती. गंमत म्हणजे त्याच तबकडीवरच्या जाहिरातपट्ट्यांत ती नव्हती, म्हणजे तुलनेचे साधन खोक्यातच होते. हे रंग विचारपूर्वक ठरवले आहेत, असे उत्पादकांचे म्हणणे होते. नाराज ग्राहक क्योटोच्या न्यायालयात गेले आणि प्रकरण तडजोडीने मिटले. २०१४ साली ब्लू-रे आला, त्यात ती झाक नव्हती.

रंग पारखताना आणखी एक भान लागते. जपानी टीव्हीचा पांढरा परंपरेने निळसर, सुमारे ९३०० केल्व्हिनचा. पाश्चात्त्य मानक ६५०० केल्व्हिनचे. जपानी पडद्यासाठी जुळवलेला संच दुसऱ्या मानकावर लावलेल्या टीव्हीवर थोडा उबदार दिसणारच. म्हणून आधी टीव्ही तपासावा आणि मग तबकडीला दोष द्यावा.

प्रसारण आणि तबकडी यांच्यातला एक फरक मात्र तबकडीच्या बाजूने आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानमध्ये शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर वाहिन्यांनी नियम केले आणि लखलखाटाची दृश्ये प्रसारणात मंद करून दाखवली जाऊ लागली. घरगुती संचांत बऱ्याचदा ती मूळ तेजाने येतात. टीव्हीवरून ध्वनिचित्रमुद्रित केलेली प्रत आणि अधिकृत संच यांची तुलना करताना हा फरक विसरला तर तबकडीचे चित्र उगीच भडक वाटते.

तबकडीचे गणित

डीव्हीडीचे चित्र एनटीएससीमध्ये ७२० गुणिले ४८० बिंदूंचे असते. रंगाची माहिती त्याच्याही निम्म्या बारकाईने, ३६० गुणिले २४० बिंदूंवर साठवतात. म्हणून गडद लाल कपड्यांच्या कडा काळ्या रेषांइतक्या धारदार कधीच दिसत नाहीत. ही या माध्यमाचीच मर्यादा आहे.

बाकीचे मात्र जागेच्या वाटणीवर ठरते. दुहेरी थराच्या तबकडीत साडेआठ गिगाबाइट मावतात. तिच्यावर २४ मिनिटांचे सहा भाग ठेवले तर सेकंदाला सरासरी ७.९ मेगाबिट वाट्याला येतात, आणि तेवढ्यात चित्र आणि आवाज दोन्ही व्यवस्थित बसतात. तेरा भाग कोंबले तर हा आकडा ३.६वर येतो, आणि त्यातूनच सगळे ध्वनिमार्गही भागवायचे असतात. खोक्याच्या पाठीवर भागांची संख्या आणि तबकड्यांची संख्या छापलेली असते. एकीला दुसरीने भागले की तबकडी न लावताही पुष्कळ कळते. सव्वीस भाग दोन-तीन तबकड्यांत बसवलेले चोरट्या बाजारातले संच याच हिशेबाने ओळखू येतात.

जागा कमी पडली की चित्र कसे बिघडते? एमपेग-२ पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारीक तपशील गरजेप्रमाणे वगळते. सपाट रंगांना याचा त्रास होत नाही, म्हणून ॲनिमे दाबायला सोपे, असा समज आहे. पण सपाट रंगावरची धारदार काळी रेषा ही या गणिताला सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे. चौकोनातून रेषा गेली की तिच्या आजूबाजूच्या मोकळ्या रंगात मुंग्या येतात. चेहऱ्याच्या कडेला, पांढऱ्या आकाशासमोरच्या विजेच्या तारांजवळ त्या आधी दिसतात. पाऊस, चेरीच्या पाकळ्यांचा वर्षाव, फुटलेल्या लाटा, धूर, स्फोट ही दृश्ये तबकडीची खरी परीक्षा घेतात, कारण त्यांत प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीहून वेगळी असते आणि आधीच्या चौकटीवरून काटकसर करता येत नाही. अशा वेळी हलाखीच्या तबकडीत पडद्यावर सरळ चौकोनी फरशा दिसतात.

संध्याकाळचे आकाश ही वेगळी चाचणी. नारिंगीतून जांभळ्यात हळूहळू जाणारी छटा तुकड्यातुकड्यांत तुटून पट्टे दिसले, तर कुठेतरी अतिरेकी सफाई किंवा अतिरेकी दाब झाला आहे. फिल्मचे दाणे हे पट्टे झाकतात, म्हणजे दाणे टिकवण्याचा हाही एक फायदा आहे. रेषांभोवती पांढरी कड दिसली तर चित्र कृत्रिमरीत्या टोकदार केले आहे असे समजावे. पाच-सहा फुटांवरून ते छान वाटते. मोठ्या पडद्यावर प्रत्येक पात्राभोवती प्रभामंडळ उमटते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सेल मागे पडली आणि रंगकाम संगणकावर आले. ‘साझाए-सान’ ही मालिका एकटीच २०१३पर्यंत सेलवर टिकून राहिली. या बदलाचा एक परिणाम अनपेक्षित आहे. सेलवरच्या मालिकेची फिल्म शिल्लक असेल तर तिच्यातून आजही डीव्हीडीपेक्षा कितीतरी अधिक बारकावा काढता येतो. उलट दोन हजारच्या पहिल्या वर्षांतल्या पुष्कळ मालिका त्या वेळच्या टीव्हीच्या आकारातच संगणकावर जुळवल्या गेल्या. २००२ साली सुरू झालेली ‘नारुतो’ त्यांपैकीच. तिचे मूळच साधारण डीव्हीडीएवढे असल्याने पुढे आलेल्या ब्लू-रेमध्ये तेच चित्र फुगवून बसवलेले आहे. अशा मालिकेचा नीट बनवलेला डीव्हीडी संच मूळ कामाच्या अगदी जवळ असतो आणि केवळ माध्यम नवे म्हणून दुसरा संच घेण्यात फारसे हशील नसते.

कानाने पारखताना

आवाजाच्या बाबतीत खोक्यावरचे ‘५.१’ हे आकडे सर्वाधिक दिशाभूल करतात. जुन्या मालिकांचा आवाज एकाच मार्गाचा, मोनो असे. संवाद, संगीत आणि परिणामध्वनी वेगवेगळ्या फितींवर जपून ठेवले असतील तरच त्यांचे सहा मार्गांत खरे मिश्रण करता येते. ‘काउबॉय बीबॉप’च्या २००५च्या ‘रीमिक्स’ तबकड्यांत कान्नो योको यांच्या जॅझला नवे ५.१ मिश्रण मिळाले आणि वाद्ये खोलीभर मोकळी झाली. वेगळ्या फिती नसताना केलेला ५.१ मार्ग मात्र एकाच आवाजाला घुमारा देऊन मागच्या स्पीकरांत ढकलतो. ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या स्पीकरजवळ जाऊन ऐकावे. पात्राचे संवाद तिथेही पुसटसे येत असतील तर आवाज ताणलेला आहे. अशा संचात मूळ मोनो किंवा स्टिरिओ मार्ग वेगळा दिला आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

‘ड्रॅगन बॉल झेड’ची अडचण आणखी खोल होती. प्रसारणाच्या वेळचा चांगला आवाज घरगुती संचांपर्यंत आलाच नाही. फिल्मच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापलेला आवाज वापरावा लागला. १६ मिमीच्या या रेषेत वरचे स्वर बसत नाहीत. झांजा बोथट, संवाद नाकातून आल्यासारखे आणि मागे सतत खरखर. काही चाहत्यांनी त्या काळात व्हिडिओ टेपवर मुद्रित केलेले प्रसारण त्याहून स्वच्छ ऐकू येते, ही या मालिकेच्या इतिहासातली खेदाची बाब आहे. नारिंगी खोक्यात तीन मार्ग होते: जपानी मोनो, अमेरिकन संगीतासह इंग्रजी स्टिरिओ आणि किकुची शुन्सुके यांच्या मूळ संगीतासह इंग्रजी ५.१. चित्रावर टीका करणाऱ्यांनीही या निवडीचे स्वागत केले, आणि ते रास्त होते.

खरखर काढण्याच्या गाळण्या चित्रातल्या गाळण्यांसारख्याच वागतात. हलक्या हाताने वापरल्या तर ठीक. जोर केला की ‘स’ आणि ‘श’ यांची धार जाते, दोन वाक्यांमधली शांतता ठार पोकळ होते आणि वाक्य सुरू होताच आवाजामागची खोली एकदम उघडते. हेडफोन लावून कुजबुजीचे एखादे दृश्य ऐकले की हे लगेच पकडता येते.

आकड्यांत पाहायचे तर न दाबलेला स्टिरिओ पीसीएम आवाज सेकंदाला दीड मेगाबिट घेतो आणि डॉल्बी डिजिटल स्टिरिओ बहुधा १९२ किलोबिटमध्ये भागवतो. जपानी संच पुष्कळदा पहिला मार्ग निवडत, अमेरिकन संच दुसरा, कारण त्यांना दोन भाषा एकाच तबकडीत बसवायच्या असत. संगीतप्रधान मालिकेत तंतुवाद्यांच्या आणि झांजांच्या विरत जाणाऱ्या टोकांशी हा फरक ऐकू येतो.

भारतातला प्रेक्षक आणि एक भारतीय कथा

डीव्हीडीच्या जागतिक विभागणीत भारत पाचव्या प्रदेशात येतो, जपान दुसऱ्या आणि अमेरिका पहिल्या. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या संग्राहकाला बाहेरचा संच मागवण्याआधी सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालवणारा आणि एनटीएससी चित्र जसेच्या तसे देणारा प्लेअर लागतो. प्लेअरच्या आत एनटीएससीचे पाल करून घेतले तर वर सांगितलेली दुहेरी भुते घरीच तयार होतात आणि दोष निष्कारण संचावर जातो.

पारखीचे सगळे प्रश्न एकत्र पाहायचे तर ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाकडे पाहावे. युगो साको यांच्या पुढाकाराने, जपानच्या कोइची सासाकी आणि मुंबईत काम केलेले ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखाली तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. मूळ भाषा इंग्रजी, गीते संस्कृत, संगीत वनराज भाटिया यांचे. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज. अमेरिकेत पुढे ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने निघालेल्या आवृत्तीत निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांचे होते आणि लांबी बरीच कापलेली होती. मूळ चित्रपट १३५ मिनिटांचा आहे. म्हणून या चित्रपटाची कुठलीही तबकडी हाती आली की चित्राच्या आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: छापलेली लांबी आणि दिलेल्या भाषा. २०२५च्या जानेवारीत तो फोर-केमध्ये सुधारून भारतातल्या चित्रपटगृहांत आला तेव्हा पार्श्वभूमीवरच्या रंगकामातला तपशील खुलून दिसला, कारण कॅमेऱ्याने तो फिल्मवर आधीच टिपून ठेवला होता.

पंधरा मिनिटांची तपासणी

संच हाती आला की पहिला भाग सुरुवातीपासून पाहण्याची घाई करू नये. आधी टीव्हीवरची ‘व्हिव्हिड’ किंवा तत्सम मांडणी आणि कडा टोकदार करणारी सोय बंद करावी. मग एक स्थिर दृश्य घेऊन थरथर आणि दाणे पाहावेत. एक आडवे सरकते दृश्य घेऊन कंगव्याचे दाते आणि भुते शोधावीत. मारामारीचे एक दृश्य चौकट-चौकट पुढे नेऊन रेषा अखंड आहेत का ते पाहावे. पाऊस किंवा पाकळ्यांच्या दृश्यात फरशा आणि मुंग्या, संध्याकाळच्या आकाशात पट्टे, केसांच्या बटांत इंद्रधनुष्य. चेहऱ्यांच्या वर डोके कापले जाते आहे का, हे संवादाच्या दृश्यांत कळते. शेवटी डोळे मिटून एक शांत आणि एक गजबजलेला प्रसंग ऐकावा. संचाच्या मधल्या एखाद्या तबकडीवर हेच पुन्हा करावे, कारण पहिल्या तबकडीवर घेतलेली मेहनत कधी कधी सातवीपर्यंत टिकत नाही.

आणि जुना संच नव्याच्या मोबदल्यात देऊन टाकण्याआधी आवाज नक्की तपासावा. ‘इव्हँजेलियन’ २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा जपानबाहेर बहुतेक ठिकाणी शेवटचे ‘फ्लाय मी टू द मून’ हे गाणे काढलेले होते आणि इंग्रजी डबिंग पूर्ण नवे होते. २०२१च्या अमेरिकन ब्लू-रेमध्ये चित्र डीव्हीडीपेक्षा उघडपणे सरस आहे, पण ते गाणे त्यातही नाही. एडीव्हीच्या जुन्या डीव्हीडींवर ते आहे, भागागणिक बदलत जाणाऱ्या गायनासह.